एकाच उधारीची दुसरी वसुली : बर्टुझी–मूर प्रकरण

चित्रफितीत आधी दिसते ती पाठ. कोलोराडो अॅव्हलांच या आइस हॉकी संघाची पांढरी जर्सी घातलेला स्टीव्ह मूर बर्फावरून आपल्या वाटेने निघालाय. मागे व्हँकुव्हर कॅनक्सचा 44 नंबर, टॉड बर्टुझी. सहा फूट तीन इंच उंच, शंभर किलोच्या वर वजनाचा गडी. तो मूरची जर्सी मागून खेचतो. मूर वळत नाही. बर्टुझी पाठ सोडत नाही, पुन्हा खेचतो. मारामारीसाठी डिवचतोय हे आवाज बंद ठेवूनही कळतं. मूर तरी वळत नाही. मग बर्टुझीचा उजवा हात मागून येतो आणि मूरच्या डोक्यावर बाजूने बसतो. हातात मोजा तसाच आहे. मूर सरळ तोंडावर कोसळतो आणि त्याच्या पाठीवर बर्टुझीचं सगळं वजन. पाठोपाठ आणखी खेळाडू त्या ढिगात पडतात. ढीग बाजूला झाल्यावर खाली मूर तसाच, हालचाल नाही. सुमारे दहा मिनिटं तो बर्फावर पडून होता. मग स्ट्रेचर आलं.

तारीख 8 मार्च 2004, स्थळ व्हँकुव्हरचं जीएम प्लेस. तिसऱ्या आणि शेवटच्या सत्राची नऊ मिनिटंही झाली नव्हती आणि गुणफलक कोलोराडोच्या बाजूने 8–2 असा होता. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले होते, मेंदूला गंभीर हादरा बसला होता, मानेतले अस्थिबंध दुखावले होते, खांद्याकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या होत्या. वय 25. एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या मुख्य आइस हॉकी लीगमधला त्याचा हा 69 वा सामना. सत्तरावा आलाच नाही.

हे प्रकरण बऱ्याचदा ‘एका खेळाडूचं डोकं फिरलं’ अशा थाटात सांगितलं जातं. मला ते पटत नाही. डोकं फिरायला क्षण पुरतो. इथे बरोबर तीन आठवडे लागले होते, आणि त्या तीन आठवड्यांत काय शिजतंय ते सगळ्यांना माहीत होतं.

16 फेब्रुवारी

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, हिरवं मैदान आठवतं. बर्फावरची हॉकी वेगळी. पायात पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती म्हणजे पक, भोवती कठडा आणि त्यावर काच. पक ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देणं हा खेळाचाच भाग. त्याला बॉडी चेक म्हणतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याला आडवा घालतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, तसंच. फरक वेगाचा. पळणाऱ्या माणसाला थांबता येतं. पात्यांवर घसरत येणाऱ्याला तेवढं सहज थांबता येत नाही.

डेन्व्हरमधल्या सामन्यात त्या दिवशी व्हँकुव्हरचा कप्तान मार्कस नॅसलुंड पकसाठी पुढे वाकून हात लांबवत होता. डोकं खाली, अंग मोकळं. मूरने नेमकं त्याच क्षणी त्याला गाठलं. नॅसलुंड त्या वेळी लीगमध्ये गुणांच्या यादीत सर्वांत वर होता. मूर कोलोराडोच्या चौथ्या म्हणजे शेवटच्या फळीतला, हार्वर्डमधून शिकून आलेला, पहिलाच पूर्ण हंगाम खेळणारा पोरगा. नॅसलुंडच्या मेंदूला हलका हादरा बसला, कोपराच्या हाडाचा कपचा उडाला आणि तो तीन सामन्यांना मुकला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. लीगने चित्रण तपासलं आणि धडक नियमात बसते असा निर्वाळा दिला.

हा निर्वाळा नियमाला धरून होता. डोक्याला लागलं एवढ्यावरून त्या काळी धडक बेकायदा ठरत नव्हती. पण ‘नियमात बसते’ आणि ‘आम्हाला मान्य आहे’ यांत जे अंतर आहे ते व्हँकुव्हरच्या ड्रेसिंग रूमने तिथल्या तिथे मोजलं. प्रशिक्षक मार्क क्रॉफर्ड आणि जनरल मॅनेजर ब्रायन बर्क यांनी पंचांवर जाहीर टीका केली. कॅनक्सच्या ब्रॅड मे नावाच्या खेळाडूने तर मूरच्या डोक्यावर इनाम लागल्याची भाषा पत्रकारांसमोर केली. बर्टुझीनेही मूरला छापता न येणारी शिवी हासडली. हे कुणी चोरून ऐकलेलं बोलणं नव्हतं, वर्तमानपत्रांत आलेलं होतं.

माझ्या मते प्रकरणाची मेख इथे आहे. आपल्या एका खेळाडूच्या डोक्याला दुसरा संघ इनाम लावतोय असं छापून आल्यावर लीगकडे अधिकारही होता आणि वेळही. ब्रॅड मे याला दोन सामने घरी बसवलं असतं, क्रॉफर्डला बोलावून घेतलं असतं, तरी हवा निघून गेली असती. तसं झालं नाही.

अलिखित कायदा आणि त्याचे वसुलीदार

एनएचएलमध्ये मारामारीला मनाई आहे असं म्हणणं अर्धसत्य आहे. मारामारी केली तर पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं, मग पुन्हा खेळायला यायचं. दुसऱ्या बहुतेक खेळांत प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारून कुणी पाच मिनिटांत परत येत नाही. या सवलतीतूनच ‘एन्फोर्सर’ ही जात जन्मली. गोल करणं हे त्याचं काम नसतं. आपल्या हिऱ्याला कुणी हात लावला तर त्याला गाठायचं, हातमोजे बर्फावर टाकायचे आणि भिडायचं. एडमंटनमध्ये या खेळातला सर्वांत मोठा तारा वेन ग्रेट्झकी निर्धास्त खेळत होता त्याचं एक कारण डेव्ह सेमेन्को हा एन्फोर्सर त्याच संघात होता हे.

या व्यवहाराचे संकेत आहेत. समोरून आव्हान द्यायचं. दोघांनीही मोजे टाकायचे. खाली पडलेल्याला मारायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, एकदा भिडलात की विषय संपला. खेळाडू याला नुसतं ‘कोड’ म्हणतात. ज्यांना हा कोड प्रिय आहे त्यांचं म्हणणं असं की पंच सगळं बघू शकत नाहीत, म्हणून खेळाडूच एकमेकांना धाकात ठेवतात. 1992 मध्ये लीगने मारामारी उकरून काढणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढायचा नियम केला, तेव्हापासून ही मंडळी त्या नियमाच्या नावाने बोटं मोडतात. धाक गेला म्हणून घाणेरड्या धडका वाढल्या, असं ते म्हणतात.

या युक्तिवादात अगदीच दम नाही असं मी म्हणणार नाही. पण बर्टुझी–मूर प्रकरण त्यांच्या बाजूने वापरता येत नाही, उलट त्यांच्यावरच शेकतं. कारण 8 मार्चला कोड पाळला गेला होता. तिसऱ्या सत्राच्या कितीतरी आधी.

पहिली वसुली

मधे 3 मार्चला डेन्व्हरमध्ये हे दोन संघ पुन्हा समोर आले होते. त्या रात्री लीगचे कमिशनर गॅरी बेटमन आणि शिस्तीचं खातं बघणारे कॉलिन कॅम्पबेल दोघेही प्रत्यक्ष हजर होते. सामना 5–5 बरोबरीत सुटला, काही घडलं नाही. साहेब वर्गात येऊन बसले की पोरं गप्प असतात, त्यातला प्रकार. पाच दिवसांनी व्हँकुव्हरला साहेब नव्हते.

8 मार्चला पहिल्याच सत्रात कॅनक्सच्या मॅट कुकने मूरला आव्हान दिलं. मूर काही मारामारीसाठी ओळखला जाणारा खेळाडू नव्हता, तरी त्याने नाही म्हटलं नाही. मोजे पडले, ठोसे झाले, दोघांना पाच-पाच मिनिटं. कोडच्या हिशेबाने नॅसलुंडची उधारी इथे फिटली. मूर समोरून उभा राहिला, पळाला नाही.

मग तिसऱ्या सत्रात पुन्हा कसली वसुली? माझं या प्रकरणातलं मुख्य म्हणणं एवढंच आहे. अलिखित कायद्यात देणं फिटलं हे ठरवणारा कुणी नसतो, त्यामुळे पावतीही मिळत नाही. ज्याला वाटतं आपलं अजून येणं आहे, तो पुन्हा दारात उभा राहतो. कुकला पुरेसं वाटलं असेल, बर्टुझीला वाटलं नाही. आणि घरच्या प्रेक्षकांसमोर सहा गोलांनी मार खात असताना तर कुणालाच पुरेसं वाटत नाही. मूरच्या बाजूने बघा. त्याने एकदा हिशेब दिला होता. दुसऱ्यांदा तो वळला नाही, यात चूक काय?

आणि तो मोजा. मोजे टाकणं म्हणजे समोरच्याला दिलेली सूचना असते, मी येतोय, तूही तयार हो. बर्टुझीच्या हातात मोजा राहिला, कारण सूचना द्यायचीच नव्हती. समोरचा पाठमोरा होता. ज्या कोडच्या नावाखाली हे झालं त्याचं एकही कलम त्यात उरलं नव्हतं.

सामना कोलोराडोने 9–2 असा जिंकला. त्याचं कुणाला काही वाटत होतं असं नाही.

तीन टेबलांवरचा निकाल

दोन दिवसांनी बर्टुझी पत्रकारांसमोर आला, रडला, मूरची माफी मागितली, तुला इजा करायचा हेतू नव्हता म्हणाला. ते रडणं खोटं होतं असं मला वाटत नाही. पण हेतू नव्हता हे वाक्य घटनेइतकंच तीन आठवड्यांनाही लागू करायला हवं, आणि तिथे ते टिकत नाही.

11 मार्चला लीगचा निकाल आला : उरलेला हंगाम आणि प्लेऑफ म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, दोन्हींतून बाहेर. हंगामाचे 13 सामने उरले होते. प्लेऑफमध्ये कॅनक्स पहिल्याच फेरीत कॅल्गरीविरुद्ध सातव्या सामन्यात हरले, म्हणजे आणखी 7. एकूण 20. बुडालेला पगार 5 लाख अमेरिकी डॉलरच्या थोडा वर. संघाला अडीच लाख डॉलर दंड, आपल्या खेळाडूंचा रोख कुठे चाललाय यावर लक्ष ठेवणं ही संघाचीही जबाबदारी होती असं सांगून. म्हणजे वातावरण संघाने तापवलं हे लीगला मान्य होतं. मान्य होतं तर दंडाचा आकडा एका खेळाडूच्या बुडालेल्या पगाराच्या निम्मा का, हे मला आजवर उमगलेलं नाही.

पुढे नशिबानेही हात दिला. 2004–05 चा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या करारावरून टाळेबंदीत गेला. तो हंगाम अधिकृतपणे रद्द झाला 16 फेब्रुवारी 2005 ला, नॅसलुंडवरच्या धडकेला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी. कागदावर बर्टुझी जवळजवळ 17 महिने निलंबित होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने निलंबन मान्य केल्यामुळे त्याला युरोपातही खेळता आलं नाही, हे खरं. पण एनएचएलचे सामने बुडाले ते 20च, बाकी काळात लीगचं दारच बंद होतं. ऑगस्ट 2005 मध्ये बेटमननी त्याला परत घेतलं. 2006 च्या ट्युरिन ऑलिम्पिकमध्ये तो कॅनडाकडून खेळला.

दुसरं टेबल फौजदारी न्यायालयाचं. यात व्हँकुव्हरला अनुभव होता. 21 फेब्रुवारी 2000 ला याच जीएम प्लेसमध्ये बॉस्टनच्या मार्टी मॅक्सॉर्लीने, एके काळच्या ग्रेट्झकीच्याच दुसऱ्या अंगरक्षकाने, सामन्याचे शेवटचे काही सेकंद उरले असताना कॅनक्सच्या डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यात काठी घातली होती. न्यायालयाने त्याला शस्त्राने हल्ला केल्याबद्दल दोषी धरलं आणि 18 महिन्यांच्या अटींवर सोडलं. लीगचं निलंबन वर्षभराचं झालं. मॅक्सॉर्ली एनएचएलमध्ये पुन्हा खेळला नाही. त्या सामन्याची सुरुवातही लक्षात ठेवण्यासारखी आहे : पहिल्या सत्रात ब्रॅशियर आणि मॅक्सॉर्ली मोजे टाकून भिडले होते, ब्रॅशियर वरचढ ठरला होता. तिथेही हिशेब एकदा झाला होता. तिथेही तो एका बाजूला मान्य नव्हता.

बर्टुझीवर जून 2004 मध्ये शारीरिक इजा करणाऱ्या हल्ल्याचा आरोप ठेवला गेला. डिसेंबरात त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा : सशर्त सुटका, एक वर्षाचं प्रोबेशन, 80 तास समाजसेवा. अटी पाळल्या की गुन्ह्याची नोंद राहत नाही. त्यात आणखी एक अट होती. प्रोबेशनच्या काळात स्टीव्ह मूर खेळत असेल अशा कुठल्याही सामन्यात बर्टुझीने खेळायचं नाही. अट मोडायची वेळच आली नाही.

तिसरं टेबल दिवाणी, आणि तिथे दहा वर्षं गेली. मूरने 2005 मध्ये आधी कोलोराडोत दावा लावला. तिथल्या न्यायालयाने हा कॅनडाचा विषय म्हणून तो काढून टाकला. 2006 मध्ये ऑन्टारिओत नवा दावा, मूर आणि त्याचे आईवडील विरुद्ध बर्टुझी, कॅनक्स आणि त्यांची मालक कंपनी. मूरचं म्हणणं साधं होतं : माझी उमेदीची वर्षं आणि त्यातली कमाई गेली. मागणी वाढत वाढत शेवटी 6.8 कोटी कॅनेडियन डॉलरवर पोचली. बचावाकडून अपेक्षित सूर होता, चौथ्या फळीतला खेळाडू असा किती कमावणार होता? हा प्रश्न क्रूर वाटला तरी नुकसानभरपाईचा कायदा तोच विचारतो.

या दाव्यात एक गोष्ट बाहेर आली जी लीगच्या निकालात नव्हती. बर्टुझीने शपथेवर सांगितलं की दुसऱ्या मध्यंतरात क्रॉफर्डने फळ्यावर मूरच्या नावाकडे बोट दाखवून, याला किंमत मोजावी लागली पाहिजे अशा अर्थाचं काही म्हटलं. मग 2008 मध्ये बर्टुझीने स्वतःच क्रॉफर्डविरुद्ध दावा केला. मी करारानुसार प्रशिक्षकाचं ऐकायला बांधील होतो, तर भरपाईतही त्याचा वाटा असू दे, असा. क्रॉफर्डची बाजू याच्या नेमकी उलटी : बर्टुझीला बर्फावरून बाहेर यायला सांगितलं जात होतं, त्यानेच ऐकलं नाही. यथावकाश तो दावा मागे पडला.

बाकीच्यांचं काय झालं

मॅट कुकचं नाव लक्षात ठेवण्याचं कारण वेगळं आहे. 7 मार्च 2010 ला, मूर प्रकरणाला सहा वर्षं व्हायला एक दिवस कमी असताना, पिट्सबर्गकडून खेळणाऱ्या याच कुकने बॉस्टनच्या मार्क सॅव्हार्डला त्याच्या नजरेबाहेरच्या बाजूने येऊन डोक्यावर धडक दिली. सॅव्हार्डची कारकीर्द त्यातून सावरली नाही. कुकला निलंबन झालं नाही, कारण तोडायला नियमच नव्हता. 2004 मध्ये नॅसलुंडच्या वेळी दिलेलं तेच उत्तर. या वेळी मात्र ओरड इतकी झाली की पुढच्या हंगामापासून नियम 48 आला : आंधळ्या बाजूने येऊन डोकं लक्ष्य करणारी धडक बेकायदा. 2011 मध्ये कॅम्पबेल यांनी शिस्तीचं काम सोडलं आणि खेळाडू सुरक्षा विभाग स्थापन झाला, प्रमुख ब्रेंडन शॅनहन. तो प्रत्येक निलंबनाचं चित्रण दाखवून, कारणं बोलून दाखवून निकाल द्यायला लागला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मला हाच सगळ्यांत कामाचा बदल वाटतो. ज्याला लागलंय त्याच्या संघाला निदान काय मोजलं गेलं ते दिसतं. पावती मिळते.

त्याच 2011 च्या उन्हाळ्यात डेरेक बूगार्ड, रिक रिपियन आणि वेड बेलाक हे तीन मारामारीसाठी ओळखले जाणारे खेळाडू चार महिन्यांच्या आत गेले. बूगार्ड 28 वर्षांचा होता. त्याच्या मेंदूत सततच्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार सापडला. रिपियन अनेक वर्षं कॅनक्सचाच. वसुलीदारांनाही किंमत मोजावी लागत होती, ती कुणाच्या वहीत लिहिलेली नव्हती. पुढच्या काही वर्षांत निव्वळ मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू संघांना परवडेनासा झाला, वेग वाढला आणि ती जात जवळजवळ संपली.

8 मार्चच्या माणसांची वाट मात्र बिनघोर गेली. बर्टुझी एनएचएलमध्ये 2014 पर्यंत खेळला, एकूण 1159 सामने. बर्क पुढे अॅनाहाइम संघाकडे गेला; त्या संघाने 2007 मध्ये स्टॅनली कप म्हणजे लीगचं विजेतेपद जिंकलं आणि पुढच्या हंगामात बर्टुझीला घेतलं. क्रॉफर्डला पुढे लॉस एंजेलिस आणि डॅलसचं प्रशिक्षकपद मिळालं. आणि इनामाची भाषा करणारा ब्रॅड मे? 2005 मध्ये त्याला करारबद्ध केलं ते कोलोराडो अॅव्हलांचनेच. मूरच्या संघाने. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नावात घोळ असेल असं वाटून पुन्हा तपासलं होतं.

ऑन्टारिओतला खटला 8 सप्टेंबर 2014 ला सुरू व्हायचा होता. त्याच्या काही आठवडे आधी तडजोड झाली, रक्कम गुप्त. ज्युरी बसली नाही, आणि दुसऱ्या मध्यंतरात फळ्यापाशी नेमकं काय बोललं गेलं हे उघड न्यायालयात, उलटतपासणीत कुणाला सांगावं लागलं नाही.